हर्डल आणि ऑब्स्टॅकल: दोन्हींना ‘अडथळा’च म्हणायचं?

परवा एका अहवालाचा अनुवाद तपासताना पुन्हा याच प्रश्नापाशी थांबले. मूळ मजकुरात एके ठिकाणी हर्डल, पुढे ऑब्स्टॅकल. अनुवादात दोन्हीकडे ‘अडथळा’. चूक म्हणता येत नाही, पण अर्थाचा एक पदर निसटतो.

हर्डल म्हणजे मुळात काटक्या विणून केलेली ताटी. इंग्लंडात मेंढरं कोंडायला अशा ताट्या लावत, हव्या तिथे उचलून नेत. शर्यतीतलं हर्डल हे त्याच ताटीचं रूप. ११० मीटरच्या शर्यतीत अशी १० असतात. त्यांची उंची, त्यांच्यातलं अंतर धावणाऱ्याला आधीच ठाऊक असतं, आणि पाय लागून एखादं पडलं तरी तेवढ्याने तो बाद होत नाही. म्हणजे हर्डल वाटेचाच भाग. पार करून पुढे जायचं. प्रवेश परीक्षा, बँकेची मंजुरी ही हर्डल्स.

ऑब्स्टॅकलच्या लॅटिन मुळात ‘समोर उभं राहणं’ आहे. त्यातला ‘स्टा’ आणि आपला ‘स्था’ एकाच कुळातले. ते वाट अडवून उभं असतं. गोव्यात पावसाळ्यात मांडवी नदीच्या मुखाशी, आग्वादजवळ, वाळूचा पट्टा आणि खवळलेला दर्या वाट बंद करतात. मग खनिजाच्या बार्जेस, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू नौका, कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारी नदीत शिरून मुरगाव बंदर गाठतात. तिथे वळसाच घ्यावा लागतो. आणि चवथीचा आपला विघ्नहर्ता आठवा: इंग्रजीत त्याला ऑब्स्टॅकल्स दूर करणारा म्हणतात, तिथे हर्डल हा शब्द सहसा येत नाही.

मी हर्डलसाठी ‘अडथळा पार करणे’ आणि ऑब्स्टॅकलसाठी ‘अडसर दूर करणे’ वापरते. ‘अडथळा दूर करणे’ सर्रास चालतं, पण दोन्ही शब्द एकाच पानावर आले की वेगळे ठेवावेत. अडसर म्हणजे दाराला आतून लावायचा आडवा दांडा. डिचोलीला आजोळी तो भिंतीतल्या भोकात सरकवायचे. दिवेलागणीनंतर कोणी आलं की आजी दोन्ही हातांनी तो ओढायची, आणि तो घासत सरकल्याचा आवाज बाहेर अंगणात ऐकू यायचा. तो निघाल्याशिवाय दार उघडत नसे.

‘आडकाठी’ही सुचवली गेली आहे. पण आडकाठी कोणीतरी घालावी लागते. शेजाऱ्याने पायवाटेला हरकत घेतली, तर ती आडकाठी. चोर्ला घाटात दरड कोसळली, तर अडसर.