प्रति: शार्क एकत्र येतात ते फक्त खाद्यासाठीच?

वर म्हटलंय की वेगवेगळ्या जातींचे शार्क एका जागी दिसले म्हणजे तिथे मासळी मुबलक असणार. इस्रायलच्या हदेरा किनाऱ्याकडे पाहिलं तर एवढं कारण पुरत नाही.

तिथे ओरोत राबिन हे मोठं वीज केंद्र आहे. यंत्रं थंड करून झाल्यावर त्याचं कोमट पाणी हदेरा नदीच्या मुखाशी समुद्रात सोडतात. हिवाळ्यात भूमध्य समुद्र गारठला की डस्की आणि सँडबार अशा दोन जातींचे शार्क या पट्ट्यात जमतात आणि वसंतात पांगतात. या जातींचं शरीर पाण्याइतकंच गरम किंवा थंड राहतं, त्यामुळे उबेत पचन आणि वाढ दोन्हींना वेग येतो. त्यातही डस्की बहुतेक माद्या, तर सँडबार बहुतेक नर! दोन्ही जाती पिल्लांना जन्म देणाऱ्या, त्यामुळे गाभण माद्यांना ऊब हवी असणं पटतं. पण मग नर कशाला येतात? म्हणजे दोघांची गरज वेगळी असू शकते, जागा मात्र एकच. मला यातलं हेच सगळ्यात विलक्षण वाटतं. खाद्याचा वाटा नाही असं मी म्हणत नाही, कोमट पाण्यात छोटी मासळीही येतेच.

कृपया अशा ठिकाणी शार्कना खाऊ घालण्याचं कौतुक करू नका. एप्रिल 2025 मध्ये हदेरालाच शार्कच्या हल्ल्यात एका माणसाचा जीव गेला. माणूस दिसला की खायला मिळतं, ही सवय शार्कना लागणं दोघांच्याही जिवावर बेतणारं आहे.