घरच्या शेकोटीचा धूर आणि शेजारी : आपापले अनुभव लिहा

थंडी पडू लागली की अंगणात, शेतावर किंवा परदेशातल्या घरामागच्या आवारात लाकडाची शेकोटी पेटवण्याची हौस अनेकांना असते, आणि त्याच सुमारास शेजाऱ्यांच्या खिडक्या धाडधाड बंद होऊ लागतात. शेकोटी करूच नये, असे सांगण्यासाठी हा धागा काढलेला नाही. परंतु धूर हा न जळलेल्या लाकडाचाच भाग असतो आणि त्याचे प्रमाण बऱ्याच अंशी पेटवणाऱ्याच्या हाती असते, हे मला अनुभवाने पटले आहे. आपण लाकूड कोणते वापरता, वेळ कशी ठरवता, शेजाऱ्यांशी काय बोलणे झाले, कोणी हरकत घेतली असल्यास पुढे काय केले, हे कृपया सविस्तर लिहावे. ज्यांना दुसऱ्याच्या शेकोटीचा त्रास होतो, त्यांनीही अवश्य लिहावे. त्यांच्या अनुभवांची मी विशेष वाट पाहत आहे.

न्यू जर्सीहून

आमच्या घरामागे दुहेरी भिंतीचे पोलादी फायर पिट, म्हणजे शेकोटीचे भांडे आहे. दुकानदार ते ‘धूरविरहित’ म्हणून विकतात, आणि ते अर्धेच खरे आहे. तळाच्या भोकांतून हवा आत येते. तिच्यातला काही भाग दोन भिंतींमधल्या पोकळीतून तापत वर चढतो आणि काठाखालच्या भोकांतून ज्वाळेवर सुटतो, त्यामुळे जे वायू एरवी धूर होऊन निघून गेले असते ते तिथेच पेट घेतात. मात्र ही करामत भिंती चांगल्या तापल्यानंतरची आहे. तोवर ते कोणत्याही घमेल्याइतकेच धुमसते, आणि लाकडे काठाच्या भोकांच्या वर रचली तर शेवटपर्यंत धुमसत राहते.

खरा फरक पडतो तो लाकडाच्या ओलाव्याने. वीस टक्क्यांहून कमी ओलावा असलेले लाकूड वापरावे, असे अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था सांगते, आणि तो मोजण्याचे दोन पिनांचे छोटे यंत्र हार्डवेअरच्या दुकानात मिळते. या पिना ओंडक्याच्या टोकाला टोचल्या तर आकडा फसवा येतो, कारण टोके आधी वाळतात; ओंडका फोडून आतल्या ताज्या बाजूवर टोचावे. ओकसारखे कठीण लाकूड फोडून रचल्यावर किमान वर्षभर, आणि बरेचदा त्याहून अधिक काळ वाळू द्यावे लागते. यंत्र नसेल तर दोन तुकडे एकमेकांवर आपटून पाहावेत. वाळलेले लाकूड खणखणते, ओले नुसते थप्प वाजते.

पेटवताना मी जाड लाकडे तळाशी, त्यांवर बारीक, आणि अगदी वर काटक्या व ढलप्या ठेवून वरूनच काडी लावतो. आमच्या आजोळी याच्या नेमके उलट करीत असत. परंतु वरची ज्वाळा खालून येणारा धूर जाळत खाली उतरते, त्यामुळे सुरुवातीचा पांढरा लोट जवळजवळ उठतच नाही.

पुण्याहून, शेजाऱ्याच्या बाजूने

मला दमा आहे, आणि आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या शयनगृहाची खिडकी शेजारच्या बंगल्याच्या अंगणावर उघडते. डिसेंबर-जानेवारीत संध्याकाळी वारा पडतो, जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा लवकर गार होते आणि धूर वर न जाता नेमका दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या उंचीवर रेंगाळतो, हे पेटवणाऱ्याला खाली बसून कळत नाही. ‘अहो, धूर तर सरळ वर जातोय’ हे वाक्य मी पुष्कळदा ऐकले आहे. त्यांच्या डोळ्यांत तो जात नाही एवढाच त्याचा अर्थ असतो.

सुदैवाने आमचे शेजारी समंजस आहेत. मी काकूंना तक्रार न करता एका संध्याकाळी वर चहाला बोलावले आणि खिडकीपाशी बसवले. त्यानंतर ठरले ते असे : शेकोटी असेल त्या दिवशी दुपारीच निरोप यावा, म्हणजे आम्ही वाळत घातलेले कपडे काढतो आणि खिडक्या लावून घेतो, नऊनंतर नवे लाकूड घालू नये, आणि माळ्याला बागेतला पालापाचोळा त्यात टाकू देऊ नये. ही शेवटची अट सर्वांत महत्त्वाची ठरली, कारण अर्धा धूर ओल्या पानांचा होता आणि अधूनमधून दुधाच्या पिशव्याही त्यांत जळत होत्या. कचरा उघड्यावर जाळण्यास २०१६च्या घनकचरा नियमांनी मनाई केली होती, आणि त्याच वर्षी राष्ट्रीय हरित लवादाने त्यासाठी पाच हजार रुपयांचा, तर मोठ्या प्रमाणावर जाळल्यास पंचवीस हजारांचा दंड सांगितला होता. शेकोटी आणि कचरा जाळणे यांतली रेघ बऱ्याच अंगणांत पुसट असते, असे मला नम्रपणे नमूद करावेसे वाटते.

सिअ‍ॅटलहून

पुण्याच्या ताईंनी हवेबद्दल लिहिले आहे, त्याला इकडे सरकारी रूप आहे. हवा साचू लागली की प्युजेट साउंड क्लीन एअर एजन्सी ही इथली हवेच्या शुद्धतेवर देखरेख ठेवणारी संस्था जाळण्यावर बंदी जाहीर करते, आणि तिच्या पहिल्याच टप्प्यात घराबाहेरच्या सगळ्या शेकोट्या येतात. एरवीही शेकोटी तीन फूट रुंद आणि दोन फूट उंच यापेक्षा मोठी नसावी व तीत फक्त कोरडे सरपण असावे, असा नियम आहे. उन्हाळ्यात वणव्यांच्या भीतीने अग्निशमन खात्याची बंदी असते ती वेगळी. त्यामुळे पाहुण्यांना बोलावताना मी ‘शेकोटी करू’ असे कधीच कबूल करीत नाही. त्या दिवशी दुपारी संकेतस्थळ पाहूनच ठरवतो. बंदीच्या दिवशी शेजाऱ्यांची परवानगी असली तरी तिला काही किंमत नसते.

टोरांटोहून

आमच्या शहरात आवारात लाकडाची शेकोटी करण्यास मुळातच परवानगी नाही, त्यामुळे आम्ही प्रोपेनच्या शेगडीभोवती बसतो. ऊब मिळते आणि धूर नसतो. लाकडाच्या वासाची गंमत त्यात नाही, हे कोणी सांगण्याची आवश्यकता नाही, आम्हाला ते ठाऊक आहे.

बार्शीहून

आमच्याकडे शेजारी म्हणजे बांधापलीकडचा शेतकरी, आणि त्याला धुरापेक्षा ठिणगीची धास्ती अधिक असते, कारण हुरड्याच्या दिवसांत त्याच्या शिवारात कडब्याची गंजी किंवा उसाचे वाळलेले पाचट असते. आगटीसाठी, म्हणजे हुरडा भाजण्याच्या शेकोटीसाठी, आम्ही हातभर खोल खड्डा घेतो, भोवतीचे गवत खुरप्याने काढून जमीन मोकळी करतो आणि वाऱ्याची दिशा पाहून गंजी वाऱ्याखाली येणार नाही अशीच जागा धरतो. गोवऱ्या सुरुवातीला प्रचंड धूर करतात. तो धूर असतानाच कणसे घालण्याची घाई शहरातले पाहुणे करतात, आणि मग हुरड्याला धुरकट वास येतो. वर पांढुरकी राख धरून आत लाल धग दिसू लागली की गूळभेंडी या हुरड्याच्या ज्वारीची कणसे निखाऱ्यांत खुपसावीत. तेव्हा धूरही नसतो आणि दाणाही करपत नाही. शेजाऱ्याला पहिल्या आगटीचा हुरडा द्यावा लागतो हे वेगळे सांगायला नको.

धागाकर्त्याकडून

काही जणांनी कोणते लाकूड टाळावे असे विचारले आहे. रंगवलेले, पॉलिश केलेले, प्लायवूड व एमडीएफ (लाकडाचा भुसा गोंदाने दाबून केलेल्या फळ्या) कधीही जाळू नये, कारण रंग आणि गोंद यांचा धूर घातक असतो. वाळवीप्रतिबंधक रसायन मुरवलेल्या जुन्या लाकडात आर्सेनिक असू शकते आणि ते राखेतही उरते. कोकणातल्या मंडळींनी काजूच्या टरफलांबद्दल लिहावे, असे सुचवतो.

रत्नागिरीहून

सुचवल्याप्रमाणे लिहितो. काजूच्या टरफलात तेल असते; ते झणझणीत जळते, धूर घशाला खवखवतो आणि डोळ्यांची आग होते. काही घरांत न्हाणीच्या चुलीत ती सर्रास घालतात, आणि आमच्या वाडीत यावरून बोलाचाली झालेली आहे. त्यापेक्षा नारळाच्या करवंट्या आणि वाळलेली सोडणे (नारळावरची काथ्याची साले) उत्तम, मात्र सोडणे खरोखर वाळलेली हवीत. वरून तपकिरी दिसणारे सोडण आत ओले असले तर तासभर नुसते धुपते. आमच्या घरी पाण्याचा बंब पहाटे पेटतो, आणि खालच्या घरातल्या आजी उठून तुळशीपाशी येण्याआधी त्याचा धूर ओसरलेला असावा असा प्रयत्न असतो. पातेरा, म्हणजे पालापाचोळा, मात्र आम्ही घराजवळ जाळत नाही; तो कलमांच्या आळ्यांत जातो.

पिंपरी-चिंचवडहून, सोसायटीच्या सचिवांकडून

रहिवाशांच्या शेकोट्यांपेक्षा फाटकावरच्या सुरक्षारक्षकांची शेकोटी हा आमचा मोठा प्रश्न होता. रात्रपाळीच्या माणसाला थंडी वाजते आणि हाताशी येते ते खोके, थर्माकोल, प्लायवूडचे तुकडे तो पेटवतो. त्याला दटावणे सोपे असते, परंतु त्याला ऊब देणे ही आपली जबाबदारी आहे. सोसायटीने चौकीला झडपेचे दार बसवले, विजेचा हीटर आणि दोन जाड कोट दिले. दिल्लीत हिवाळ्यात हवा बिघडली की रहिवासी संघांनी रक्षकांना हीटर द्यावेत, असे निर्देशच असतात; आपल्याकडे तशी वाट पाहण्याचे कारण नाही.

नाशिकहून

सर्वांनी पेटवण्याबद्दल लिहिले, मी विझवण्याबद्दल लिहिते. रात्री उठताना बादलीभर पाणी ओतले की वाफ, राख आणि धूर यांचा जो लोट उठतो तो संपूर्ण संध्याकाळच्या धुरापेक्षा वाईट असतो, आणि नेमका शेजारी झोपण्याच्या वेळी उठतो. आम्ही उठण्याच्या तासभर आधी लाकूड घालणे थांबवतो, निखारे सळईने पसरून ठेवतो, म्हणजे ते आपोआप बसतात. मग झारीने थोडे थोडे पाणी शिंपडून ढवळतो आणि पुन्हा शिंपडतो. तळहाताची मागची बाजू राखेजवळ नेऊन धग लागत नाही ना, हे पाहिल्याशिवाय आत जात नाही. राखेखाली निखारा दोन-तीन दिवसही जिवंत राहू शकतो, म्हणून ती राख झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरून डबा मातीवर ठेवावा; प्लॅस्टिकच्या बादलीत किंवा लाकडी ओट्यावर नव्हे.