टॅकोमा पुलाची गोष्ट ८ मिनिटांत कशी बसवावी?

प्रश्न: अमेरिकेत १९४० साली कोसळलेल्या टॅकोमा नॅरोज पुलावर छोटा व्हिडिओ करतोय. ‘वाऱ्याची आणि पुलाची लय जुळली, म्हणून पूल पडला’ एवढं सांगून चालेल का? आणि सुरुवात कुठून करू?

उत्तर १: नाही चालणार, कृपया ही चूक पुढे नेऊ नका. अनुनादासाठी, म्हणजे लय जुळून हेलकावे वाढत जाण्यासाठी, ठरावीक लयीतले धक्के लागतात. ७ नोव्हेंबरला वारा ताशी साधारण ६५ किमीने सलग वाहत होता. रस्ता पिळवटायला लागला आणि ते पिळवटणंच वाऱ्यातून ऊर्जा ओढत गेलं. याला फ्लटर म्हणतात. चित्रात कडेची २.४ मीटर उंच भरीव पोलादी तुळई जवळून दाखवा. वारा आरपार जायला फटच नाही! त्यात पूल लांब आणि अरुंद: मधला गाळा (दोन मनोऱ्यांमधलं अंतर) ८५३ मीटर, रुंदी जेमतेम १२.

उत्तर २: सुरुवात पूल टांगलेल्या केबलना मध्यावर आवळून धरणाऱ्या पट्ट्यांपासून. तोवर पूल नुसता वरखाली होत होता. उत्तरेकडचा पट्टा घसरला आणि पीळ सुरू झाला.

उत्तर ३: जुनी फिल्म वापरताना वेग तपासा. चित्रण सेकंदाला १६ फ्रेमचं, फिरणाऱ्या प्रती २४ च्या, त्यामुळे हेलकावे दीडपट जलद दिसतात. एडिटरमध्ये वेग ६७% ठेवा. मिनिटाला सुमारे १२ हेलकावे मोजता आले की जमलं.

प्रश्नकर्ता: आभार. शेवट १९५० च्या नव्या पुलावर करतो, त्याच्या जाळीदार तुळया दाखवून.