पहिलीच बारा बोअर आहे, ठाण्यात प्रॅक्टिस कुठे आणि कशी करायची?

घोडबंदरवाला

नमस्कार मंडळी. आजोबांची बारा बोअरची दुनळी (दोन नळ्यांची शॉटगन) आता माझ्या नावावर झालीये. आजोबा गेल्यावर ती गावाकडे संगमेश्वरला पोलीस स्टेशनात जमा होती, मग वारसाचा अर्ज, सगळ्या काकांची नाहरकत, पोलीस व्हेरिफिकेशन, सेफ्टी ट्रेनिंगचं सर्टिफिकेट असं करत करत एकदाचं ठाणे आयुक्तालयातून लायसन्स हातात पडलं. बंदूक आता घरी लोखंडी कपाटात कुलुपात आहे, काडतूस एकही घेतलेलं नाही अजून. आईचं म्हणणं, गणपतीच्या आधी ही ब्याद गावाला परत पाठव.

तर प्रश्न असा की मला ही नीट चालवायला शिकायचंय. ट्रेनिंगच्या वेळी हाताळायला मिळाली तेवढीच, पुढे काय? शिकार वगैरे डोक्यात नाही, पण नुसती कपाटात ठेवून तेल पुसत बसायचं का? येऊरच्या बाजूला सकाळी कुणी नसतं, मित्राचं मुरबाडला फार्महाऊस पण आहे, किंवा ठाणे-नवी मुंबईत रेंज असेल तर फीचा प्रॉब्लेम नाही. काडतूस कुठलं घ्यायचं तेही सांगा, दुकानदार विचारतो कुठला नंबर आणि मी त्याच्याकडे बघतो.

कळव्याचा पक्या

येऊर??? भावा तिकडे संध्याकाळनंतर स्पीकर लावला तरी लोक तक्रार करतात, तू बार काढणार? बिबट्या, फॉरेस्टवाले आणि मॉर्निंग वॉकचे काका, तिघांपैकी काका आधी पोचतील.

दुनळीकाका

पक्याने हसण्यावारी नेलं पण गोष्ट गंभीर आहे म्हणून नीट लिहितो. येऊर म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात मुख्य वन्यजीव रक्षकाच्या लेखी परवानगीशिवाय हत्यार घेऊन शिरणं हाच गुन्हा आहे, बार काढायची गरजच नाही, गाडीच्या डिकीत सापडली तरी पुरे. हेच कर्नाळ्याला लागू, हेच ऐरोलीच्या बाजूला ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्याला. खाडीत बदकं बघून हात शिवशिवणारे लोक मी बघितलेत म्हणून मुद्दाम लिहिलं.

मुरबाडचं फार्महाऊस ऐकायला बरं वाटतं. पण छर्रा कुठवर जातो याचा अंदाज नवीन माणसाला नसतो. ८ नंबरचा बारीक छर्रा चाळीस मीटरच्या पुढे फारसा कामाचा राहत नाही, तरी जमिनीवर पडेपर्यंत दीड-पावणेदोनशे मीटर जातो. एसजीचा जाड छर्रा सहाशे मीटरच्या पुढे जाऊ शकतो. मुरबाडला कुठल्याही बांधावर उभा राहा आणि सहाशे मीटरात काय काय येतं ते मोज, वाडी असते, गुरं असतात, मोहाखाली बायका असतात. शिवाय तुझं लायसन्स कशासाठी दिलंय ते त्यावर लिहिलेलं असतं, स्वसंरक्षण, पीक संरक्षण, स्पोर्ट जे असेल ते, मित्राच्या जागेवर बाटल्या फोडणं त्यातल्या कशातच बसत नाही. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर लग्नात मिरवणुकीत हवेत बार काढणाऱ्याला किंवा निष्काळजीपणे बार काढून दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद नाहीतर एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. लायसन्स जातं ते वेगळंच. एवढ्या खटपटीने मिळवलंयस, ते एका रविवारी घालवू नकोस.

शहापूर_एक्सप्रेस

आमच्याकडे डुकरं भातशेतीचा सत्यानाश करतात, ये इकडे, प्रॅक्टिस पण होईल आणि शेतकऱ्याचं कामही 😄

दुनळीकाका

शहापूरवाले, त्रास खरा आहे, मान्य. पण त्याला वनखात्याची परवानगी लागते आणि ती ज्याचं शेत आहे त्याने काढायची असते. आयुष्यातला पहिला बार, तोही रात्री टॉर्चवर, जिवंत जनावरावर? जखमी डुक्कर काय करतं ते तुम्हालाच माहीत असेल. नको.

खारघरची_शूटर

मी थोडीफार ट्रॅप (शॉटगनने उडत्या चकत्या फोडायचा खेळ) खेळते त्यामुळे रेंजचं सांगते. आधी निराश करणारी गोष्ट, इथे आपल्याकडे रेंज म्हटली की ती रायफल-पिस्तूलची समजायची. वरळीची महाराष्ट्र रायफल असोसिएशनची असो की पुण्याची बालेवाडी, मुख्यतः १०, २५ आणि ५० मीटर. ठाणे-नवी मुंबईत गल्लोगल्ली ज्या अकॅडम्या निघाल्यात त्या सगळ्या १० मीटर एअर रायफल-पिस्तूलच्या, हॉलमध्ये लेन टाकल्या की झालं. शॉटगनला हॉल चालत नाही ना, उडत्या चकतीवर मारायचं म्हणजे समोर अडीचशे-तीनशे मीटर मोकळं रान पाहिजे जिथे छर्रे पडतील आणि माणूस फिरकणार नाही. घोडबंदरला तीनशे मीटर मोकळी जागा दिसली तर तिथे उद्या टॉवरचा बोर्ड लागतो, रेंज कोण काढणार. म्हणून तर महाराष्ट्राची नेमबाजी म्हणजे अंजली भागवत, तेजस्विनी सावंत, आणि आता २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनला ब्राँझ आणणारा आपला कोल्हापूरचा स्वप्निल कुसाळे, सगळे रायफलवाले. शॉटगन म्हटलं की दिल्ली, पंजाब, राजस्थान, मध्य प्रदेश.

त्यामुळे खरी शॉटगन शिकायची तर चार-पाच दिवस काढून बाहेर जा. दिल्लीला तुघलकाबादची कर्णीसिंग रेंज (१९८२ च्या एशियाडला बांधलेली), जयपूरला जगतपुरा, भोपाळला राज्य अकॅडमीची रेंज, पटियाळाला मोती बागचा गन क्लब. प्रत्येक ठिकाणचे बाहेरच्यांसाठीचे नियम वेगळे असतात आणि बदलतात, आधी फोन आणि ईमेल करून कोच मिळेल का, क्लबची बंदूक मिळेल का, काडतुसं तिथे मिळतील का हे लेखी घे. आणि माझं ऐकशील तर पहिल्यांदा क्लबच्याच बंदुकीवर शीक, आजोबांची घरी राहू दे.

ट्रॅप कसं असतं ते सांगते म्हणजे कळेल तिथे जाऊन काय करणार. पाच जागा असतात एका ओळीत, समोर १५ मीटरवर जमिनीत खड्डा, त्यातून ११० मिलीमीटरची चकती सुटते, तू ओरडलास की सुटते, डावीकडे जाईल का उजवीकडे का सरळ ते तुला माहीत नसतं, आणि फोडली नाहीस तर ७६ मीटरवर जाऊन पडते. एका राऊंडला २५ चकत्या. काडतुसात २४ ग्रॅम छर्रे. स्कीट हा दुसरा प्रकार, त्यात डावी-उजवीकडून दोन घरांतून चकत्या येतात आणि चकती दिसेपर्यंत बंदूक कमरेपाशी ठेवावी लागते, ते नवीन माणसाला जड जातं. तू ट्रॅपपासून सुरू कर. राज्यवर्धनसिंग राठोडांनी २००४ ला अथेन्सला सिल्व्हर घेतलं ते डबल ट्रॅप, एकदम दोन चकत्या, तो प्रकार आता ऑलिंपिकमधून गेलाय.

घोडबंदरवाला

ताई एवढं डिटेल कुणीच सांगितलं नव्हतं, थँक्यू. पण जयपूरला जाईपर्यंत इथे काहीच नाही करता येणार का? आणि काडतूस?

खारघरची_शूटर

करता येतं की, निम्मी शॉटगन घरातच शिकतात. पण आधी नियम: ज्या खोलीत बंदूक त्या खोलीत काडतूस नाही, घरातच नसेल तर उत्तम, तुझ्याकडे सध्या नाहीचेत. उघडून दोन्ही चेंबर (नळीत काडतूस बसतं ती जागा) डोळ्याने बघायचे, बोट घालून बघायचे, कपाटातून काढताना आणि परत ठेवतानाही. खिडक्यांचे पडदे लावून घे, हे मस्करीत नाही सांगत, समोरच्या विंगमधल्या माणसाला तुझं लायसन्स माहीत नसतं, त्याला फक्त खिडकीत बंदूकवाला दिसतो आणि तो ११२ लावतो.

मग माउंट, म्हणजे बंदूक उचलून नेमाच्या जागी आणणं. बंदूक खांद्याला लावायची नसते, गालाला आणायची असते, डोकं खाली झुकवून बंदुकीपाशी न्यायचं नाही, बंदूक वर येऊन गालाच्या हाडाखाली बसली पाहिजे आणि मग खांदा आपोआप भरतो. नवीन मुलं नेमकं उलटं करतात, आधी खांद्यात रुतवतात मग मान वाकडी करतात, डोळा नळीच्या रेषेत येतच नाही. डोळे मिटून माउंट कर, उघड, नळीच्या टोकाचा मणी बरोबर मध्ये दिसतोय का बघ. डावीकडे-उजवीकडे दिसत असेल तर दस्ता (बंदुकीचा मागचा लाकडी भाग) तुझ्या मापाचा नाही, आजोबांच्या मापाचा असेल.

मग टॉर्च. बारीक पेन टॉर्च घे, टेप गुंडाळून नळीच्या तोंडात घट्ट बसेल असा कर, दिवा मंद ठेव. भिंत आणि छत जिथे मिळतात ती रेषा असते ना, तिच्यावरून उजेडाचा ठिपका एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात न्यायचा, माउंट करता करता. ठिपका रेषेवरून उड्या मारत गेला तर तू हातांनी ओढतोयस. कमरेतून वळ. पाय आणि कमर वळली की ठिपका सरळ जातो. रोज दहा मिनिटं बास, त्यापेक्षा जास्त केलं तर हात थकतात आणि चुकीची सवय लागते. झालं की टॉर्च काढला का ते दोनदा बघ, नळीत काही अडकलेलं असताना बार काढला तर नळी फाटते.

खटका ओढायचा असेल तर डमी काडतूस घालूनच ओढ, जुन्या बंदुकीची पिन रिकाम्यावर मारून तुटते.

कळव्याचा पक्या

पडदे लावून टॉर्चने छताची रेषा मारतोय असं आईला सांग, परत पाठवणार नाही बंदूक, तुलाच पाठवेल 😂

दुनळीकाका

शूटरताईंनी लिहिलंय त्याला तोड नाही. मी फक्त बंदुकीबद्दल सांगतो कारण जुनी दुनळी म्हटल्यावर मला दुसरीच काळजी वाटते. काडतूस घेण्याआधी ती चांगल्या, लायसन्स असलेल्या गनस्मिथला दाखव. नळीवर पाण्यावरच्या लाटांसारखी नक्षी दिसली तर ती डमास्कस नळी असू शकते, तशी असेल तर आजच्या काडतुसाचा दाब तिला झेपेल असं धरून चालू नकोस, ती भिंतीवर शोभते. दुसरं म्हणजे चेंबरची लांबी, नळी उघडून खालच्या बाजूला बघ, जुन्या विलायती बंदुकांवर अडीच इंच कोरलेलं असतं, म्हणजे ६५ मिलीमीटर. आजची बरीच काडतुसं ७० ची असतात. ती आत जातात, तिथेच माणूस फसतो, पण फुटल्यावर तोंड पूर्ण उघडायला जागा मिळत नाही आणि दाब वाढतो. बिजागरीत ढिली झालीय का, बंद केल्यावर हलते का, नळीत खड्डे आहेत का, हे सगळं गनस्मिथ बघेल.

आणि बारा बोअरच्या घरात वीस बोअरचं काडतूस कधी येऊ देऊ नये. ते नळीत घसरून पुढे अडकतं, माणसाला वाटतं घातलंच नाही, मागून बाराचं घालतो. पुढचं लिहीत नाही.

काडतूस म्हणशील तर आपल्या खडकीच्या फॅक्टरीची शक्तिमान काडतुसं वर्षानुवर्षं चालतात. शिकायला ८ किंवा ९ नंबर, छर्रा बारीक आणि भरपूर. एसजी एलजी नको, त्यात मोजून सहा ते नऊ जाड गोळे, शिकायला उपयोग शून्य आणि खांदा निळा. लायसन्सवर जेवढा कोटा लिहिलाय तेवढाच मिळतो, दुकानदार एंट्री करून देतो, पावत्या फाईलला लावून ठेव. कानाला मफ आणि डोळ्याला चष्मा लागेलच, कानाचं तर उशीर झाल्यावरच कळतं, मला आता मिसेसचं अर्धंच ऐकू येतं (काही फायदे आहेत त्याचे).

वाशी_टु_पनवेल

एक स्वस्तातला सल्ला. जवळच्या १० मीटर एअर रायफल अकॅडमीत दोन महिने घाल. शॉटगनचं तंत्र वेगळं हे मान्य, पण नळी कुठे धरायची, बोट खटक्याबाहेर कसं ठेवायचं, रेंज ऑफिसरचा आवाज आला की हात कसे थांबतात, या सवयी तिथे हाडात मुरतात. .१७७ बोअरची, २० जूलच्या आतली एअर रायफल घ्यायला लायसन्सही लागत नाही.

खारघरची_शूटर

हो, फक्त तिथली एक सवय इकडे आणू नकोस. रायफलला निशाणा धरून स्थिर राहून हळूच खटका दाबतात. शॉटगनला थांबलास की चकती गेली, दोन्ही डोळे उघडे, नजर चकतीवर, मण्यावर नाही, आणि बार निघाल्यावरही नळी फिरत राहिली पाहिजे. आधी तुझा जोरदार डोळा, म्हणजे नेम धरताना मुख्य काम करणारा, कुठला ते बघ, हात लांब करून दोन्ही पंजांची छोटी खिडकी कर, लांबची एखादी वस्तू त्यात धर आणि एकेक डोळा मीट, ज्या डोळ्याने वस्तू खिडकीत राहते तो. उजव्या हाताचा असून डावा डोळा निघाला तर कोचला पहिल्याच दिवशी सांग, चष्म्यावर छोटी टेप लावून काम भागतं.

घोडबंदरवाला

डावाच निघाला 🤦 आणि नळीखाली अडीच इंचच कोरलंय, आत्ताच बघितलं. पुढच्या महिन्यात जयपूरचं तिकीट बघतोय, बंदूक बरोबर नेऊ का? तिथल्या कोचला दाखवता येईल.

दुनळीकाका

थांब. लायसन्सवर एरिया काय लिहिलाय ते वाच आधी. महाराष्ट्र असेल तर राज्याबाहेर नेता येणार नाही, एरिया वाढवून हवा असेल तर आयुक्तालयात वेगळा अर्ज करावा लागतो.

घोडबंदरवाला

"महाराष्ट्र राज्य" लिहिलंय.

दुनळीकाका

मग बंदूक कपाटात, तू एकटा जयपूरला. आणि नळीचा फोटो इथे टाकू नकोस, नंबर दिसतो. गनस्मिथकडे घेऊन जा.