मामा तलावासाठी पॅडलबोर्ड: रुंद घ्यावा की लांब?

तलावकाठचा: आमच्या भंडारा-गोंदियाकडं गावोगावी मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी, जुन्या मालगुजारांचे (जमीनदारांचे). लाटा नाहीत, ओढ नाही. उभ्यानं वल्हवायचा बोर्ड घेतोय. साडेदहा फूट लांब, ३२ इंच रुंद, फुगवायचा. घडी करून मोटारसायकलवर बांधता येतो. बारा फुटी कडक बोर्ड काय खासरावर (बैलगाडीवर) नेऊ? कोणाचं वेगळं मत असेल तर बोला.

वैनगंगाकाठी: आहे ना भाऊ. तुम्ही नेण्याचा विचार केला, चालवण्याचा नाही. रुंद बोर्ड म्हणजे परात. चारदा वल्हं मारलं की तोंड फिरलं. साडेबारा फूट, २९ इंच, निमुळत्या नाकाचा टूरिंग बोर्ड पाणी कापत सरळ जातो. इटियाडोहात दुपारी वारा सुटल्यावर परतून पाहा, फरक कळंल.

तलावकाठचा: इटियाडोह धरण आहे हो. आमच्याकडं अर्ध्या पाण्यात शिंगाडा, काठानं बेशरमाची झुडपं. सरळ जाऊन जाऊन जाणार कुठं, पाळीपर्यंत? त्यात माझं वजन ८५ किलो. २९ इंचावर पहिल्याच दिवशी मासोळ्यांना भेटून येईन.

झाडीवाली: दोघंही लांबी-रुंदी धरून बसले, खालचं फिन, म्हणजे बोर्ड सरळ ठेवणारा पर, कोणी पाहीना. माझं नऊ इंची फिन शिंगाड्याच्या वेलात अडकलं. बोर्ड जागीच, मी पुढं पाण्यात! मंग मागं झुकलेलं चार इंची लावलं. वेल त्यावरून घसरते. बोर्ड थोडा भरकटतो, चालते. अन् ढिवरांची जाळी असतील तिकडं जाऊच नका. त्यांचं पोट आहे ते.

वैनगंगाकाठी: फिनचं पटलं. पण फुगवलेला बोर्ड मधात वाकते, त्याचं काय?

झाडीवाली: हवा कमी भरली तर वाकंलच. वरचा-खालचा थर आतून हजारो धाग्यांनी बांधलेला असतो. हवेचा दाब १५ पीएसआय होईपर्यंत भरा, फळीसारखा टणक होतो. लोक दंड दुखले की आठावर थांबतात अन् बोर्डाला नावं ठेवतात. फक्त मे महिन्यात भरलेला बोर्ड पाळीवर उन्हात टाकू नका. आतली हवा तापते, जोड सुटतात. थोडी सोडून सावलीत ठेवा.

वैनगंगाकाठी: मंग फुगवायचाच टूरिंग घ्या ना! साडेअकरा फुटी मिळतो, ३० इंची. तोही गाडीवर जातो.

तलावकाठचा: हे आधी सांगायचं ना बाप्पा! पण पोरगी पुढं बसणार म्हणते. ती काय एका जागी बसणारी नाही. ३२ इंचीच घेतो.

झाडीवाली: मंग आधी दोन लाइफ जॅकेट. अन् वल्हं तुमच्या उंचीपेक्षा वीतभर जास्त ठेवा, नाहीतर पाठ जाईल.