रिकम्बंट तिचाकी (मागे रेलून, पाय पुढे करून चालवायची सायकल; पुढे दोन चाकं, मागे एक) नागपुरात रोजच्या वापराला?
वर्धा रोडवर चालेल, इतवारीच्या गल्ल्यांत नाही, असं माझं स्पष्ट मत. रुंदी साधारण ८० सेंमी, त्यात तीन चाकांच्या तीन रेषा; एक खड्डा चुकवला की दुसरं चाक दुसऱ्यात. असे दणके बसून पुढच्या चाकांची समांतरता बिघडते आणि टायर भराभर झिजतात. तपासायला पुढच्या दोन्ही चाकांच्या रिम्समधलं अंतर पुढून आणि मागून मोजा. पुढचं १-२ मिमी कमी हवं. घेताना २० इंची चाक ४०६ मिमी रिमचंच घ्या. ४५१ मिमीचा टायरही २० इंचीच म्हणवतो, पण त्यावर बसत नाही, शिवाय मिळायलाही कठीण. बैठक जमिनीलगत, म्हणून दीड मीटरचा झेंडा लावाच, बसचालकाला दिसायला हवं! सायकलभोवती बसवायचं बंद कवच मात्र नकोच. मे महिन्यात आत भट्टी होते.