व्हिडिओचे तुकडे जोडताना सांध्यावर आवाज तुटतो, काय करावं?

सूरवेडी
नमस्कार. चाळीस मिनिटांचं सलग बासरीवादन कॅमकॉर्डरवर रेकॉर्ड केलं आहे. कॅमेऱ्याने आपणहून त्याच्या तीन एमटीएस (कॅमकॉर्डरच्या व्हिडिओ) फाइल्स केल्या, पहिल्या दोन साधारण 2 जीबीच्या. त्या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या टाइमलाइनवर एकापुढे एक लावल्या की चित्र सलग दिसतं, पण सांध्यावर आवाज क्षणभर गायब होतो. पहिला सांधा नेमका एका लांबलचक सुरावर आलाय, त्यामुळे ते भोक कानाला फार टोचतं. वेव्हफॉर्म (आवाजाच्या लाटेचं चित्र) मोठा करून पाहिला तर जवळपास एका फ्रेमइतकी सपाट रेघ दिसते.
शिवाय मध्ये मध्ये मोबाइलवरच्या काही क्लिप्स घालायच्या आहेत. तिथे भोक नाही, पण 'टक्' असा आवाज येतो. पुन्हा वाजवून घेणं शक्य नाही, हे एकच रेकॉर्डिंग आहे. कृपया मार्ग सुचवा.

रात्रपाळी
क्रॉसफेड देऊन बघा, म्हणजे एक आवाज उतरत असतानाच दुसरा चढवायचा. माझं बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं.

सूरवेडी
दिला होता. भोकाच्या कडा मऊ झाल्या, पण सूर खाली बसून परत वर येतो. ते तर जास्तच जाणवतं.

जुनाकॅमेरा
क्रॉसफेड इथे चालणार नाही, कारण मिसळायला दोन्ही बाजूंना आवाजच शिल्लक नाही. आणि काळजी करू नका, तुमचा सूर कार्डावर शाबूत असणार.
कॅमेऱ्याच्या लेखी हे एकच रेकॉर्डिंग आहे. फाइल ठरावीक आकाराची झाली की तो डेटा तिथल्या तिथे तोडून पुढची फाइल उघडतो. एव्हीसीएचडी या कॅमकॉर्डरच्या फॉरमॅटमध्ये आवाज बहुधा डॉल्बी एसी-3 मध्ये असतो आणि त्याची एक फ्रेम (गठ्ठा) 1536 सॅम्पल्सची (आवाजाच्या सुट्या मोजमापांची), म्हणजे 48 किलोहर्ट्झला 32 मिलिसेकंदांची. तोड अशा फ्रेमच्या मधोमध पडली की अर्धी या फाइलीत, अर्धी त्या फाइलीत. फाइल्स सुट्या उघडल्यात तर सॉफ्टवेअरला दोन्ही अर्धुकं निरुपयोगी वाटतात आणि ते ती टाकून देतं.
म्हणून कार्डावरचं अख्खं फोल्डर जसंच्या तसं कॉपी करा, बीडीएमव्ही आणि त्याच्या आतलं सगळं. प्रीमिअर हे एडिटिंग सॉफ्टवेअर वापरत असाल तर मीडिया ब्राउझरमधून उघडा, तीन तुकडे एकच क्लिप म्हणून दिसतील. कार्ड पुसलं गेलं असेल आणि नुसत्या एमटीएस उरल्या असतील तरी हरकत नाही. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये कॉपी कमांडला स्लॅश-बी लावून, फाइलींच्या नावांमध्ये अधिकचं चिन्ह देऊन जोडा. लिनक्स किंवा मॅकवर कॅट कमांड. स्लॅश-बी विसरू नका, नाहीतर विंडोज त्यांना मजकुराच्या फाइली समजतं आणि जोडलेली फाइल मध्येच कापली जाते.
एमपी4 फाइल्सना मात्र हा प्रयोग करू नका. प्रत्येकीच्या आत स्वतःची अनुक्रमणिका असते, त्यामुळे असं जोडून बहुतेक वेळा पहिलाच तुकडा वाजतो.

कातरकाम
'टक्'चं कारण निराळं. लाट वर किंवा खाली असताना कापली आणि पुढची लाट दुसऱ्याच उंचीवर सुरू झाली, की स्पीकरचा पडदा एकदम उडी मारतो. 5 ते 10 मिलिसेकंदांचा क्रॉसफेड पुरतो. चित्राची एक अख्खी फ्रेम सेकंदाला 25 च्या वेगाला 40 मिलिसेकंदांची होते, म्हणून टाइमलाइन फ्रेम्सऐवजी ऑडिओच्या एककांत दाखवायला सांगा, म्हणजे बारीक काम करता येईल.
त्याआधी मीडियाइन्फो या फाइलची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मोबाइलच्या क्लिप्सचा सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला किती सॅम्पल्स ते बघा. 44100 असेल तर आधी 48000 करून घ्या.

रात्रपाळी
हे सगळं करण्यापेक्षा एफएफएमपेग या कमांडने चालणाऱ्या सॉफ्टवेअरने पुन्हा एन्कोड न करता जोडलं तर? दर्जाही टिकेल.

कातरकाम
सगळे तुकडे एकाच कॅमेऱ्याचे, एकाच सेटिंगचे असतील तर जरूर. पण 44100 चा आवाज 48000 समजून वाजला तर तो जवळजवळ 9 टक्के जास्त वेगाने पळतो आणि सूर सुमारे दीड अर्धस्वराने (सेमीटोनने) चढतो. बासरीचं रेकॉर्डिंग आहे, कुणाच्याही लक्षात येईल.
आणखी एक, हे मी फार उशिरा शिकलो. तुकडे वेगवेगळे एएसी या दाबलेल्या ऑडिओ स्वरूपात एक्स्पोर्ट करून मग जोडू नका. एएसी 1024 सॅम्पल्सच्या गठ्ठ्यांत काम करतं आणि एन्कोडर प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला थोडी शांतता भरतो. जोडताना ती राहून गेली की दर सांध्याला नवी फट पडते. मधली सगळी कामं पीसीएम वेव्हमध्ये (न दाबलेल्या आवाजात) करा, एएसी अगदी शेवटी, एकदाच.

सूरवेडी
कार्ड पुसलेलं होतं, म्हणून स्लॅश-बीचा मार्ग घेतला. दोन्ही सांधे भरले! हेडफोन लावून पुन्हा पुन्हा ऐकलं, सूर संपताना घेतलेला श्वाससुद्धा सलग येतो. मनापासून आभार.
मोबाइलच्या क्लिप्स खरंच 44100 च्या निघाल्या. त्या बदलून 8 मिलिसेकंदांचा क्रॉसफेड दिला, टक् गेलं. एका क्लिपचा आवाज मात्र शेवटाकडे ओठांच्या मागे पडतो.

कातरकाम
मोबाइल बदलत्या फ्रेम रेटने चित्रण करतो, त्याचा हा परिणाम असावा. हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' निवडून ती क्लिप नव्याने काढा आणि मगच टाइमलाइनवर घ्या.